तारेवरचें लोकमत



'तार आली' हे दोन शब्द आपल्याकडील घरांतून एके काळीं कोणत्या मनःस्थितींत ऐकले जात, हें वडील मंडळींना सांगावयास नको. तारवाला शिपाई दाराशीं उभा राहिला कीं हातांतलें काम हातांत राही, आणि पाकीट फोडण्यापूर्वींच कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी उभें राही. कोणी अत्यवस्थ आहे, कोणी गेलें, याखेरीज तारेला दुसरा अर्थ असूं शकतो, हें सामान्य कुटुंबास क्वचितच सुचे. ती तार आपल्या देशांत २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली. अमेरिकेंत ती त्यापूर्वींच, २००६ च्या जानेवारींत, वेस्टर्न युनियन कंपनीनें थांबविली होती. परंतु आज मी जिच्यासंबंधीं बोलणार आहें ती तार घराच्या उंबरठ्यापाशीं थांबणारी नव्हती. पहिलें महायुद्ध संपल्यापासून दुसरें सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत अमेरिकेचें सार्वजनिक जीवन दोन बाजूंनीं तारेवर अवलंबून होतें. जगांत काय घडलें हें वर्तमानपत्रांस तारेनें कळे, आणि तें वाचून लोकांना काय वाटलें हें राज्यकर्त्यांस तारेनें कळे. एक तार बातमी घेऊन येत असे, दुसरी मत घेऊन जात असे. या दोन्ही तारांवर त्या राष्ट्रानें जो विश्वास टाकला त्याचें काय झालें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम बातमीची तार पाहूं. अमेरिकेंत त्या काळीं लहान शहरांचींही स्वतःचीं दैनिकें असत. गांवांतील आग, लग्न, निवडणूक यांची हकीकत त्यांचा बातमीदार स्वतः जाऊन आणीत असे. पण वॉशिंग्टन, लंडन किंवा पॅरिस येथें ठेवण्यास त्यांच्यापाशीं माणूस नसे. ही उणीव मुख्यतः तीन वृत्तसंस्था भरून काढीत. असोसिएटेड प्रेस ही वर्तमानपत्रांनीं मिळून चालविलेली. युनायटेड प्रेस ही १९०७ मध्यें स्क्रिप्स यांनीं काढलेली. आणि इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस ही अनेक वर्तमानपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांची. समुद्राखालून येणाऱ्या तारेचा दर शब्दागणिक असल्यामुळें परदेशांतील बातमीदार शब्द मोजून लिहीत असे, दोन शब्दांचा सांधा करून एकच शब्द बनवीत असे, मधले शब्द गाळून टाकीत असे. न्यूयॉर्कच्या कचेरींत बसलेला उपसंपादक त्या सांगाड्यावर मांस चढवून परिच्छेद तयार करी, आणि तो परिच्छेद तेथून गांवोगांवच्या दैनिकांस जाई. वाचकाला जें मिळे त्यांतील किती भाग घटनास्थळाहून आला आणि किती कचेरींत वाढला, हें त्याला ओळखतां येत नसे. 'तारेनें आलेली बातमी' एवढ्या शब्दांनीं सगळ्यालाच खरेपणाची मोहोर लागे.

या मोहोरेची किंमत किती, हें युद्ध संपतां संपतांच दिसून आलें. १९१८ च्या नोव्हेंबरची ७ तारीख होती. युनायटेड प्रेसचे अध्यक्ष रॉय हॉवर्ड हे स्वदेशीं परतण्याच्या वाटेवर फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरांत आले होते. तेथील अमेरिकन आरमाराचे प्रमुख ॲडमिरल हेन्री विल्सन यांच्याकडून त्यांना कळलें कीं युद्धतहकुबीवर सह्या झाल्या. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यानें सांगितल्यावर शंका कशाला घ्यावयाची? हॉवर्ड यांनीं तार लिहिली. एरव्हीं अशी तार तपासनिसांच्या नजरेखालून जावयाची. परंतु ही तार तेथील एका स्थानिक वर्तमानपत्राच्या यंत्रावर उठवून घेतलेली होती, आणि त्या पत्राची पॅरिसशीं स्वतःची तार होती. त्यामुळें तो कागद पॅरिसहून तपासून आलेल्या मजकुरासारखा दिसला. खालीं हॉवर्ड यांच्या नांवाबरोबर पॅरिस येथील प्रतिनिधि सिम्स यांचेंही नांव होतें. शिवाय ब्रेस्टचे तपासनीस त्या वेळीं, तीच वार्ता ऐकून, आनंदोत्सवासाठीं रस्त्यांत गेलेले होते. कोणाचीही हरकत न येतां तार निघाली आणि दुपारचे बारा वाजण्याच्या सुमारास न्यूयॉर्कला पोचली.

मग काय विचारतां! दैनिकांच्या जादा आवृत्त्या निघाल्या, भोंगे वाजूं लागले, घंटा वाजूं लागल्या, उंच इमारतींच्या खिडक्यांतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडला, आणि अनोळखी माणसें रस्त्यांत एकमेकांना मिठ्या मारूं लागलीं. वस्तुस्थिति अशी होती कीं जर्मन शिष्टमंडळानें त्या घटकेस फ्रेंच सैन्याची रेषाही ओलांडली नव्हती. असोसिएटेड प्रेसनें या बातमीला दुजोरा दिला नाहीं. वॉशिंग्टनच्या परराष्ट्रखात्यानें दुपारीं सव्वादोनच्या सुमारास ती खरी नसल्याचें जाहीर केलें. पण गर्दी हटेना. उलट, जी संस्था बातमी देत नव्हती तिच्यावरच लोक रागावले. ती सत्य दडवून ठेवीत आहे असें त्यांना वाटलें. खरी तहकुबी चार दिवसांनीं, ११ तारखेस, झाली. त्या चार दिवसांत रणांगणावर माणसें मरतच होतीं, आणि ज्यांच्या घरीं ७ तारखेस दिवे लागले त्यांपैकीं कांहींच्या घरीं पुढें दुसऱ्या प्रकारची तार आली असेल. हॉवर्ड यांनीं कोणास फसविण्याचा हेतु धरला नव्हता. सर्वांना जें हवें होतें तेंच त्या तारेंत होतें, म्हणून ती वाटेंत कोणींही अडविली नाहीं.

एवढी घाई कशासाठीं, असें आपण विचाराल. बातमी ही मिनिटांवर विकली जाणारी वस्तु झाली होती, हें त्याचें उत्तर आहे. न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात तेव्हां सान फ्रान्सिस्कोला सकाळचे नऊ वाजलेले असतात. या तीन तासांचा फायदा घेऊन हर्स्ट यांची संस्था पूर्वेकडील वर्तमानपत्रांच्या पहिल्या आवृत्त्यांतून आणि कचेरीबाहेरच्या फलकांवरून असोसिएटेड प्रेसच्या बातम्या उचली, आणि तारेनें पश्चिमेकडील आपल्या गिऱ्हाइकांस पाठवी. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१८ च्या डिसेंबरांत न्यायालयानें निर्णय दिला कीं बातमी लोकांसाठीं प्रसिद्ध झाली तरी धंद्यांतील प्रतिस्पर्ध्यापुरती ती मिळविणाराची एक प्रकारची मालमत्ताच आहे. बातमी कोणाच्या मालकीची, हें त्या दिवशीं ठरलें; ती खरी आहे याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या न्यायालयापुढें नव्हता.

तो प्रश्न दोन लेखकांनीं पुढें मांडला. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनीं, मार्च १९१७ पासून मार्च १९२० पर्यंतच्या तीन वर्षांत 'न्यूयॉर्क टाइम्स'नें रशियन क्रांतीसंबंधीं काय छापलें, तें हजारांहून अधिक अंक चाळून पाहिलें. त्यांचा निबंध 'न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकांत ४ ऑगस्ट १९२० रोजीं प्रसिद्ध झाला. बोल्शेविक राजवट कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतांत आहे, असें त्या प्रतिष्ठित पत्रानें ९१ वेळां सांगितलें होतें. लेनिन तीन वेळां तुरुंगांत पडले होते आणि एकदां मारलेही गेले होते! प्रत्यक्षांत ते १९२४ पर्यंत जिवंत होते. या तारा आल्या कोठून? बऱ्याचशा रशियाच्या सीमेबाहेरील शहरांतून, नांव नसलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि परागंदा झालेल्या मंडळींच्या सांगण्यावरून. लेखकद्वयानें कोणावरही लांचलुचपतीचा आरोप केला नाहीं. त्यांचा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता: बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनांतील आशा व भीति यांनींच बातमी निवडली होती. ब्रेस्टहून आलेल्या एका तारेंत जें एका दुपारीं घडलें, तेंच येथें तीन वर्षें सावकाश घडत राहिलें.

आतां दुसरी तार पाहूं, वाचकाकडून उलट निघालेली. वेस्टर्न युनियन आणि पोस्टल टेलिग्राफ या दोन कंपन्यांत चढाओढ होती. रात्रीं तारा मोकळ्या असत म्हणून रात्रीं पाठविलेल्या लांब मजकुरास दर कमी असे. आणि १९२९ सालीं एकट्या वेस्टर्न युनियनमार्फत सुमारें वीस कोटि तारा गेल्या. पत्रापेक्षां तारेला वजन अधिक. पैसे मोजून, दहा शब्दांत आपला जीव ओतून माणूस जें म्हणतो तें तो मनापासून म्हणत असला पाहिजे, असें ती घेणाराला वाटे.

१९२७ च्या मे महिन्यांत चार्ल्स लिंडबर्ग यांनीं एकट्यानें विमानांतून न्यूयॉर्क ते पॅरिस असें उड्डाण केलें. वर्तमानपत्रांनीं त्या तरुणास डोक्यावर घेतलें, आणि देशानें तारांचा वर्षाव केला. जून महिन्यांत वॉशिंग्टनला त्यांची मिरवणूक निघाली तेव्हां मागून एका मोटारलॉरींत ५५,००० तारा चालल्या होत्या. मिनिॲपोलिसच्या एका तारेवर १७,५०० नांवें होतीं, आणि तिची गुंडाळी ५२० फूट लांब भरली! हा कौतुकाचा पूर खराच होता. परंतु त्यांत एक लहानशी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्यांना स्वतः शब्द सुचत नव्हते त्यांच्यासाठीं तार कंपनीनें अभिनंदनाचे तयार मजकूर ठेविले होते. पसंत पडेल त्यावर बोट ठेवावें आणि पैसे द्यावे. अभिनंदनाच्या कामीं यांत कांहीं बिघडत नाहीं. मताच्या कामीं मात्र बिघडतें.

तें कसें, हें १९३५ सालानें दाखविलें. त्या वर्षाच्या जानेवारींत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत अमेरिकेनें सामील व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न सेनेटपुढें होता. अध्यक्ष रूझवेल्ट अनुकूल होते. आणि त्यांच्या आधीचे तीन अध्यक्षही अनुकूल असल्यामुळें ठराव संमत होईल असा अंदाज होता. हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनीं विरोधाची मोहीम उघडली. रविवारीं, २७ तारखेस, मिशिगनमधील कॅथलिक धर्मोपदेशक फादर कॉफ्लिन यांनीं रेडिओवरून श्रोत्यांस सांगितलें कीं तत्काळ आपल्या सेनेटरांस तारा करा. दुसऱ्या दिवशीं वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत तारांचे ढीग येऊन पडूं लागले. त्यांची संख्या हजारोंनीं मोजावी लागली. मंगळवारीं मतदान झालें. ठरावास ५२ अनुकूल, ३६ प्रतिकूल. दोनतृतीयांश मतांना सात कमी पडलीं आणि ठराव फेटाळला गेला. या तारा बनावट नव्हत्या. त्या पाठविणारांनीं स्वतःचे पैसे खर्चून स्वतःचीं नांवें लिहिलीं होतीं. परंतु ज्यांनीं तार केली नाहीं, त्यांचें मत कोणत्या ढिगांत मोजावयाचें? सोमवारीं ज्यांचा आवाज सभागृहांत पोचला, तेवढेच लोक म्हणजे राष्ट्र, असें अनेकांस भासलें.

त्याच वर्षीं पुढची पायरी आली. वीज आणि गॅस पुरविणाऱ्या स्थानिक कंपन्यांचे भाग एका वरच्या कंपनीच्या हातीं, तिचे भाग आणखी वरच्या कंपनीच्या हातीं, अशी उतरंड त्या काळीं रचली गेली होती. आणि सर्वांत वर बसलेला मनुष्य थोड्या भांडवलावर लाखों गिऱ्हाइकांच्या दिव्यांवर हुकमत चालवीत असे. ही उतरंड मोडण्यासाठीं सेनेटर व्हीलर आणि प्रतिनिधिगृहाचे सभासद रेबर्न यांनीं विधेयक आणलें. त्यांतील अनावश्यक कंपन्या बरखास्त करण्याच्या तरतुदीस विरोधकांनीं 'देहान्ताची शिक्षा' असें नांव दिलें. कंपन्यांनीं जाहिराती दिल्या, भागधारकांस पत्रें पाठविलीं, आणि कायदेमंडळाच्या सभासदांवर तारांचा मारा सुरू झाला. सेनेटमध्यें तें कलम एका मताच्या फरकानें वांचलें. प्रतिनिधिगृहानें तें मोठ्या बहुमतानें फेटाळलें.

पेन्सिल्व्हेनियाचे प्रतिनिधि डेनिस ड्रिस्कॉल यांच्याकडे वॉरन नांवाच्या गांवाहून अशाच तारा येत होत्या. मजकूर एकाच वळणाचा. ड्रिस्कॉल यांनीं सह्यांकडे पाहिलें तेव्हां त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली: पाठविणारांचीं आडनांवें बहुतेक इंग्रजी वर्णमालेच्या आरंभींच्या अक्षरांचीं होतीं. गांवांतील लोकांनीं वर्णानुक्रमानें रांग लावून आपलें मत बनविलें असेल हें संभवनीय नव्हतें. त्यांनीं पाठविणारांकडे चौकशी केली; आम्हीं तार केलीच नाहीं, अशीं उत्तरें आलीं. पुढें सेनेटनें नेमलेल्या चौकशी-समितीपुढें सारा प्रकार बाहेर पडला. समितीचे अध्यक्ष अलाबामाचे सेनेटर ह्यूगो ब्लॅक होते. असोसिएटेड गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या वतीनें या तारा केल्या गेल्या होत्या आणि पैसे तिनेंच भरले होते. नांवें शहराच्या छापील नामावलींतून उतरलेलीं होतीं. तारा वाटणाऱ्या एका पोरसवदा शिपायानें साक्ष दिली कीं सह्या मिळविण्याबद्दल आपल्याला दर सहीस तीन सेंट मिळत. मूळ कागद तळघरांत जाळून टाकण्यांत आले होते. कंपनीचे सूत्रधार हॉवर्ड हॉपसन समितीला चुकवीत कांहीं काळ अज्ञातवासांतच राहिले. निराळ्या एका फसवणुकीच्या खटल्यांत ते १९४० च्या अखेरीस दोषी ठरले. कायदा मात्र, तें कलम बरेंच सौम्य होऊन, २६ ऑगस्ट १९३५ रोजीं अध्यक्षांच्या सहीनें संमत झाला.

तीन सेंट! स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकाचें मत केवढ्याला पडतें याचा भाव एका पोरानें शपथेवर सांगितला, आणि तो वर्तमानपत्रांत छापून आला. ज्यांचीं नांवें वापरलीं गेलीं त्या माणसांचें यांत काय गेलें, असें कोणी म्हणेल. त्यांचा एक पैसाही गेला नाहीं. परंतु त्यांच्या प्रतिनिधीपाशीं त्यांच्या नांवानें कोणी दुसराच बोलून गेला, आणि पुढें त्यांनीं खरोखरच तार केली असती तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला असता, याचीही खात्री उरली नाहीं.

येथें ही कथा संपली असती तर ती सोपी झाली असती. परंतु लबाडीचा शोध घेतां घेतां शोध घेणाराचेंही पाऊल घसरलें. ब्लॅक समितीनें वॉशिंग्टनच्या तारकचेऱ्यांतून १९३५ च्या फेब्रुवारी ते ऑगस्ट या सात महिन्यांतील तारांचे दप्तर सरसकट चाळावयास घेतलें. त्यांत गुन्ह्याच्या तारा होत्या, तशा वकिलांच्या आणि त्यांच्या अशिलांच्या होत्या, आणि निव्वळ खाजगीही होत्या. पाठविणारांस याची दादही नव्हती. त्याच दप्तरांत हर्स्ट यांनीं वॉशिंग्टन येथील आपल्या अग्रलेखकास केलेली एक तार सांपडली. प्रतिनिधिगृहाचे सभासद मॅक्स्वेन यांच्यावर महाभियोग चालविण्याची मागणी करणारे अनेक अग्रलेख लिहावे, अशी तींत सूचना होती. १९३६ च्या मार्चमध्यें स्वतः मॅक्स्वेन यांनींच ती तार सभागृहांत वाचून दाखविली. आपल्या दैनिकाचा अग्रलेख वाचून 'अमुक पत्राचें मत असें आहे' असें म्हणणाऱ्या वाचकास त्या दिवशीं कळलें कीं तें मतही कधीं कधीं तारेनेंच येतें.

हर्स्ट न्यायालयांत गेले. ज्यानें आयुष्यभर इतरांचीं गुपितें मथळ्यांत छापलीं, त्यानें आपली तार खाजगी आहे म्हणून दाद मागावी, याची पुष्कळांनीं थट्टा केली असेल. पण मनुष्य आवडता नाहीं म्हणून त्याचा हक्क खोटा ठरत नाहीं. १९३६ च्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें सांगितलें कीं अशा रीतीनें सरसकट तारा ताब्यांत घेणें कायद्यास धरून नाहीं. मात्र ज्या तारा समितीच्या हातीं आधींच पडल्या त्यांच्याबाबत सेनेटच्या समितीस मनाई करण्याचा अधिकार न्यायालयास नाहीं. पुढच्याच वर्षीं ब्लॅक हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

या सर्व हकीकतीवरून तार हें वाईट साधन होतें असें कोणी समजूं नये. तिनेंच दूरच्या माणसाला राजधानीशीं बोलण्याची सोय करून दिली, आणि वॉरनच्या लबाडीची वार्ताही देशभर तारेनेंच पोचविली. चूक झाली ती तिच्या वेगाला पुरावा मानण्यांत आणि ढिगाला लोकमत मानण्यांत. ब्रेस्टची तार खरी कीं खोटी हें तिच्या धांवेवरून कळणारें नव्हतें. वॉरनच्या तारा खऱ्या कीं खोट्या हें त्यांच्या संख्येवरून कळणारें नव्हतें. आज तार गेली आहे, आणि निरोपाला शब्दागणिक पैसे पडत नाहींत. एका क्षणांत हजारों लोकांच्या नांवानें बोलणें तीन सेंटांहूनही स्वस्त झालें आहे. त्यामुळें हा जुना हिशेब आपल्याही कामाचा आहे.

वॉरनचें प्रकरण उघडकीस आलें तें कोणत्या यंत्रानें नव्हे, आणि प्रथमतः कोणत्या समितीनेंही नव्हे. एका लोकप्रतिनिधीच्या टेबलावर तारांचा ढीग पडला होता. त्यानें तो मोजला नाहीं, एक एक कागद उचलून खालचें नांव वाचलें, आणि त्या नांवाच्या माणसाला विचारलें, "हें आपणच पाठविलें काय?"